देवानं माफ केलं, मग तिच्याकडे कशाला जाऊ?

अहिल्यानगरहून एका आईचं पत्र आलं आहे. पत्र लांब आहे, म्हणून त्यातला मुख्य भाग इथे देते.

"आम्ही मूळचे नेवासे तालुक्यातले. यजमानांच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी शहरात आलो. मुलगा चौथीत आहे. शब्बाथशाळेला, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गाला, कधी खाडा नाही, वचनं तोंडपाठ, सुट्टीतल्या बायबल शाळेत पाठांतराचं पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. घरी रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना होते. असं असताना गेल्या महिन्यात त्यानं शब्बाथशाळेत एका मुलीची नक्कल केली. ती बोलताना अडखळते. वचन म्हणायला उभी राहिली आणि पहिल्याच शब्दाला अडली. यानं मागून तसंच अडखळून दाखवलं. सगळी मुलं हसली. ती रडत बाहेर गेली, ती अजून परत आलेली नाही.

बाईंनी सांगितलं तेव्हा मला मान वर करवेना. घरी आल्यावर मी त्याला म्हटलं, येशू सगळं बघतो, त्याला किती वाईट वाटलं असेल! तो खूप रडला. गुडघे टेकून त्यानं माफी मागितली. मला वाटलं, उमजलं याला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, चल, आता तिच्या घरी जाऊन तिची माफी माग. तर म्हणाला, 'देवानं मला माफ केलं ना? मग तिच्याकडे कशाला जाऊ?' मला काही उत्तर सुचलं नाही.

सासूबाई म्हणतात, पोरगं एकदा रडलं, पुरे झालं; त्याला इतकं मऊ करू नकोस, जगात मऊ माणसाचा निभाव लागत नाही. मला मात्र वाटतं, काहीतरी कमी पडतंय. हल्ली तो भांडी घासायला येणाऱ्या मावशींनाही अरेतुरे करतो. त्यांचा वेगळा कप कुणी चुकून घेतला तर ओरडतो. आम्ही इथे नवीन आलो तेव्हा शाळेतली मुलं त्याच्या गावाकडच्या बोलीला हसायची, तेव्हा हाच घरी येऊन रडायचा. मग यानं दुसऱ्याला का हसावं? आमचं कुठे चुकतंय?"

ताई, सलाम.

आधी तुमच्या मुलाच्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण तो प्रश्न मला फार आवडला. त्याला उद्धटपणा समजू नका. नऊ वर्षांच्या मुलानं विश्वासाच्या अगदी गाभ्याला हात घातला आहे. देवाशी माझं मिटलं असेल तर माणसाशी मिटवायची गरज काय? मोठ्या माणसांनाही हाच प्रश्न पडतो, फक्त ती तो तोंडानं विचारत नाहीत. वर्षानुवर्षं भावाशी अबोला धरतात आणि प्रभुभोजनाला पहिल्या बाकावर बसतात. तुमच्या मुलानं विचारलं, म्हणून त्याला उत्तर मिळू शकतं.

ते उत्तर डोंगरावरच्या प्रवचनात आहे, मत्तयाच्या पाचव्या अध्यायात. येशू म्हणतो, तू वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण दे. तुमच्या मुलाला हे वचन पाठ असण्याची शक्यता आहे. पण ते नुसतं म्हणून दाखवू नका, जमिनीवर नकाशा काढून सांगा. येशू हे गालीलातल्या लोकांना सांगत होता आणि वेदी होती यरुशलेमेत. मध्ये पायी तीन-चार दिवसांची वाट. म्हणजे माणूस एवढं चालून मंदिरात पोहोचला, अर्पणाचा प्राणी वेदीपाशी आणला, आणि तिथे त्याला घरचं भांडण आठवलं. येशू त्याला सांगतो, तो तिथेच ठेव, परत गालीलाला जा, मिटव, आणि पुन्हा चालत ये. ऐकणाऱ्यांना ते केवढं अवघड वाटलं असेल! मुलाला विचारा, देवाला एवढी घाई का नव्हती? तो इतके दिवस अर्पणासाठी थांबायला तयार का होता? मुलाला विचार करू द्या. उत्तर लगेच देऊन टाकू नका.

मग जक्कयाची गोष्ट काढा. ती त्याला येत असणारच, उंबराच्या झाडावरचा बुटका जकातदार मुलांचा लाडका असतो. पण आपण ती बहुतेक वेळा "येशू त्याच्या घरी जेवायला गेला" इथेच थांबवतो. त्यापुढचं लूकनं लिहिलंय, ते या प्रसंगाला लागू पडतं. जक्कय उभा राहून म्हणतो, मी कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत देतो. त्यानंतर येशू म्हणतो, आज या घराला तारण प्राप्त झालं आहे. येशूनं त्याला आधी जवळ केलं, हे खरं. जक्कय चांगला झाला म्हणून येशू त्याच्याकडे गेला असं झालं नाही. पण येशू घरात आल्यावर जक्कयाचे पाय ज्यांना लुबाडलं त्यांच्या दारांकडे वळले. तुमच्या मुलाला देवानं माफ केलं, याबद्दल शंका घेऊ नका आणि त्याच्या मनातही ती पेरू नका. त्याला सांगा, "हो, देवानं तुला माफ केलंय, म्हणून आता तुला तिच्याकडे जायची भीती बाळगायचं कारण नाही." माफी मिळालेला मुलगाच माफी मागायला जाऊ शकतो.

आता थोडं तुमच्याविषयी. "येशू सगळं बघतो" हे वाक्य तुम्ही प्रेमानं म्हणालात, ते मला कळतं. आपल्या आयांनीही तेच म्हटलं. पण त्याचा परिणाम काय झाला ते बघा. मुलगा घाबरला, त्याला भीतीतून सुटायचं होतं, प्रार्थना केल्यावर तो सुटला. त्या सगळ्यात ती मुलगी कुठेच नव्हती. तिचा चेहरा त्यानं एकदाही आठवला नाही, कारण आपण त्याची नजर वर लावली होती. येशूच्या दुःखाबद्दल बोलण्याआधी त्या मुलीच्या दुःखाबद्दल बोलायला हवं होतं. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात येशू स्वतःच सांगतो की भुकेल्याला, परक्याला, आजाऱ्याला जे केलं ते मला केलं. त्याला कुठे बघायचं हे त्यानंच सांगून ठेवलंय.

म्हणून रात्री दिवा मालवल्यावर, प्रवचनाचा सूर न लावता त्याला विचारा: "ती बाहेर गेली तेव्हा कुठे थांबली असेल? घरी गेल्यावर आईला काय सांगितलं असेल? ते वचन तिनं किती वेळा घोकलं असेल?" उत्तर आलं नाही तरी चालेल. नऊ वर्षांचं मूल दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघू शकतं, पण त्याला तशी सवय लावावी लागते, आणि ती प्रश्नांनी लागते, दटावण्यानं लागत नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय की शाळेत मुलं त्याच्या बोलीला हसायची. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट ती आहे. "तुला हसत होते तेव्हा तुला कसं वाटलं होतं, मग?" असं टोचून विचारू नका, त्यानं मूल गप्प होतं. नुसतं त्याला ते दिवस आठवू द्या. तेव्हा कोण हसलं नाही? डबा खायला कोण शेजारी बसलं? निर्गमाच्या पुस्तकात देव इस्राएल लोकांना सांगतो की परक्यावर जुलूम करू नका; परक्याचं मन तुम्हाला ठाऊक आहे, कारण मिसर देशात तुम्हीही परके होता. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांना देव विसरायला सांगत नाही. त्या आठवणीतून दुसऱ्याला ओळखा, असं सांगतो.

आपल्याकडे याचं मोठं उदाहरण आहे पंडिता रमाबाईंचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या. भाऊ आणि त्या तेवढी वाचली, उपाशीपोटी मैलोन्‌मैल चालली. पुढे १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपासमारीनं मरायला टेकलेल्या मुलींना, विधवांना पुण्याकडे घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. आणखी एक गोष्ट मुलाला जरूर सांगा: या नव्या मुलींना न्हाऊमाखू घालायला, जेवू घालायला, अक्षर शिकवायला शारदा सदनातल्या, म्हणजे रमाबाईंनी आधी काढलेल्या विधवांच्या शाळेतल्या, मुली पुढे झाल्या. ज्यांना काल कुणी आसरा दिला होता, त्यांनी आज दुसऱ्यांना दिला. तुमच्या मुलाजवळही अशी एक छोटी आठवण आहे. तिचा राग होऊ शकतो, तसाच तिचा उपयोगही होऊ शकतो. आता त्याचा राग झालाय, असं मला दिसतं. जो काल हसला गेला, त्याला आज हसणाऱ्यांच्या बाजूला उभं राहायचं होतं. यात दुष्टपणापेक्षा सुटका जास्त आहे.

आता प्रत्यक्ष जायचं कसं, ते सांगते. घाईघाईनं त्याला हाताला धरून तिच्या दारात उभं करू नका. आधी तुम्ही तिच्या आईला फोन करा. "माझ्या मुलानं तुमच्या मुलीला दुखावलं, त्याला तिची माफी मागायची आहे, तिला चालेल का?" असं विचारा. ती नको म्हणाली तर थांबा. तिच्या मनाविरुद्ध तिच्यासमोर जाऊन माफी मागितली तर तिच्यावर पुन्हा एक ओझं पडेल. ती हो म्हणाली तर तुम्ही दोघंच जा, शेजारपाजार गोळा होईल अशी वेळ टाळा. त्यानं म्हणायचं वाक्य छोटं असू दे: "मी तुझी नक्कल केली. ते वाईट होतं. मला माफ कर." यात "पण" नको, "गंमत म्हणून" नको, "तुला वाईट वाटलं असेल तर" तर नकोच. आणि त्याला आधीच सांगून ठेवा की तिनं लगेच माफ करावं असा आपला हक्क नाही. ती गप्प राहील, कदाचित आत निघून जाईल. तरी आपलं काम झालं.

पण एवढ्यानं पुरं होत नाही. नक्कल सगळ्यांसमोर झाली, तर भरपाई बंद दाराआड कशी होईल? जी मुलं हसली त्यांच्यासमोर त्यानं सांगायला हवं की मी चुकलो, तुम्हीही हसू नका. हे तिच्यापुढे कबूल करण्यापेक्षा अवघड आहे, मला ठाऊक आहे. बाईंना सांगून ती मुलगी वर्गात नसताना हे करा, म्हणजे तिच्याकडे सगळ्यांच्या नजरा वळणार नाहीत.

तिच्या बोलण्याबद्दलही घरात नीट माहिती द्या, कारण मुलं ज्याला घाबरतात किंवा ज्याचं त्यांना काही कळत नाही, त्याला हसतात. अडखळत बोलणं हे बहुतेक मुलांत दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतं. हुशारीशी त्याचा संबंध नाही, घाबरटपणा हे त्याचं मूळ नाही. अशा माणसाशी बोलताना त्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, "सावकाश बोल, श्वास घे" असंही सांगायचं नाही. त्याच्या तोंडाकडे टक लावून न बघता, नेहमीसारखं बघत, त्याचं होईपर्यंत थांबायचं. एवढंच. दुसऱ्यासाठी थांबणं ही मुलाला शिकवता येण्याजोगी दया आहे, आणि ती रोज वापरता येते.

मग मोशेची गोष्ट सांगा, पण समुद्र दुभंगण्याची नको, जळत्या झुडपापाशी झालेलं बोलणं सांगा. देव म्हणतो, फारोकडे जा. मोशे म्हणतो, मला बोलता येत नाही, माझी जीभ जड आहे. देव त्याला हसत नाही, आणि "तुझं काम दुसऱ्याला देतो" असंही म्हणत नाही. माणसाला तोंड कुणी दिलं, असं विचारतो आणि मी तुझ्याबरोबर असेन असं सांगतो. तरीही मोशेचा धीर होईना. तेव्हा देव रागावला, हेही पुस्तकात आहे, ते लपवू नका. पण रागावूनही त्यानं मोशेचा भाऊ अहरोन याला त्याच्या सोबतीला दिलं. दहा आज्ञा ज्याच्या हातून आल्या, तो जड जिभेचा होता. हे तुमच्या मुलाला, ज्याला दहाही आज्ञा धडाधड म्हणता येतात, फार विचार करायला लावील. त्याला विचारा, "त्या दिवशी तिच्याजवळ अहरोन कोण होऊ शकला असता?"

इथे मला शब्बाथशाळेच्या शिक्षकांनाही काही सांगायचं आहे, म्हणून जरा बाजूला जाते. एकेका मुलाला उभं करून वचन म्हणायला लावायचं, चुकलं की खाली बसवायचं, पाठ झालं की तारा द्यायचा, ही पद्धत आपल्या मंडळ्यांत फार जुनी आहे. पाठांतराचं महत्त्व मी कमी लेखत नाही. अंधारात, दवाखान्यात, मरणाच्या दारात पाठ केलेलं वचनच आठवतं. पण ज्या पद्धतीत वचन म्हणणं ही शर्यत होते, तिथे मागे पडणाऱ्याला हसणं हे ओघानं येतंच. अडखळणारी बरीच मुलं सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना किंवा गाताना अडखळत नाहीत. वाचा-उपचार करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. मग सगळ्या वर्गानं वचन एकत्र म्हटलं तर काय बिघडेल? आपल्याकडे ओव्या-अभंगांच्या चालीवर म्हणायच्या गीतांची केवढी परंपरा आहे. गोव्यातल्या मिशनरी फादर स्टीफन्सनी तर १६१६ साली सगळी ख्रिस्तकथाच ओवीत रचून लोकांच्या तोंडी दिली. वचनाला चाल लावा, सगळी मुलं मिळून म्हणू द्या.

आता ताई, मला कपाविषयी बोलायचं आहे.

तुम्ही ते अगदी ओघात लिहिलंय: "त्यांचा वेगळा कप." मुलगा त्या कपावरून ओरडतो, याचं तुम्हाला वाईट वाटलं. पण तो कप फळीवर वेगळा कुणी ठेवला? मी तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. हा कप असंख्य घरांत आहे, ख्रिस्ती घरांतही आहे, आणि तो बहुतेक वेळा आधीच्या पिढीकडून न बोलता आपल्याकडे येतो. पण मुलाच्या बाजूनं विचार करा. संध्याकाळच्या प्रार्थनेत तो ऐकतो की देवापुढे सगळे सारखे. सकाळी तो फळीवर बघतो की सगळे सारखे नाहीत. दोन्ही धडे त्याच घरात, त्याच माणसांकडून मिळतात, आणि मुलं कानापेक्षा डोळ्यांवर जास्त विश्वास ठेवतात. तो कपावरून ओरडतो तेव्हा तो नियम मोडत नाही, घरचा नियम पाळतो.

आपण कोण आहोत, हे आठवा. आपल्यातल्या किती जणांच्या आज्या-पणज्यांना गावच्या विहिरीवर पोहरा सोडता येत नव्हता. कुणीतरी येऊन वरून ओतेल त्याची वाट बघत त्या घागर घेऊन ताटकळायच्या. ज्यांच्या घरात ही आठवण आहे, त्यांच्या घरात वेगळा कप शोभत नाही.

आणि येशूची विहिरीवरची गोष्ट तर याचसाठी आहे. योहानाच्या चौथ्या अध्यायात तो दुपारी याकोबाच्या विहिरीपाशी बसतो आणि एका शोमरोनी बाईला म्हणतो, मला प्यायला दे. तिला नवल वाटतं, कारण यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. ती त्याला हेही म्हणते की तुझ्याजवळ पाणी काढायला काही नाही. म्हणजे तो पाणी मागत होता ते तिच्या भांड्यातून, तिच्या हातून. हे मुलाला सांगाल तेव्हा त्याच्या समोर एक कप ठेवलेला असू दे. तो बाकीचं स्वतःच जोडेल.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण तुमच्या जिल्ह्यातलंच आहे. कडक सोवळ्याच्या घरात त्या वाढल्या. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तरी लक्ष्मीबाईंचं सोवळं सुटलं नव्हतं. काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, पुढे एकत्र आल्यावरही आपलं अन्नपाणी वेगळं ठेवत. मग विचार करता करता त्यांच्या लक्षात आलं की जाती देवानं केलेल्या नाहीत, माणसानं केल्या आहेत, आणि ते पटल्या दिवशी त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. १९०० सालचा त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा आहे. आधी मनातलं सोवळं गेलं, मग विधी झाला. पुढे त्याच घरात दुष्काळात पोरकी झालेली मुलं वाढली. प्रवचनं देण्यात टिळकांना कुणी हरवलं नसतं. पण ती मुलं जेवली ती लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात.

तर तो कप उद्या सकाळी इतर कपांत मिसळून टाका. त्याचा समारंभ करू नका, मावशींना जाहीर करून अवघडायला लावू नका, मुलाला त्यावर भाषण देऊ नका. त्यांना चहा द्याल तेव्हा तुम्हीही कप घेऊन शेजारी बसा. दोन-चार दिवसांनी चहा मुलाच्या हातून द्या, आणि तो "मावशी, चहा घ्या" म्हणेल असं बघा. "घे" म्हणाला तर तिथल्या तिथे, हळू आवाजात दुरुस्त करा. आणि इतके दिवस तो त्यांच्याशी कसा बोलला, याबद्दल तुम्ही स्वतः मावशींची क्षमा मागा, मुलाला ऐकू येईल अशी. "मला तिच्याकडे कशाला जायला हवं" या त्याच्या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याजवळ नाही. मोठं माणूस माफी मागताना त्यानं कधी बघितलंय का? बहुतेक मुलांनी बघितलेलं नसतं.

सासूबाईंचं म्हणणं मी हलकं घेणार नाही. त्यांनी जग बघितलंय. मुलगा मऊ झाला तर मार खाईल, ही भीती प्रेमातून येते. त्यांना एवढंच विचारते की येशूच्या गोष्टीतल्या, वाटेत लुटल्या गेलेल्या माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याला त्या मऊ म्हणतील का? यरुशलेमहून यरीहोला उतरणारी वाट सुमारे पंचवीस किलोमीटरची, हजारभर मीटर खाली जाणारी, ओसाड आणि लुटारूंची. जखमी माणूस पडलाय, म्हणजे लुटारू जवळच असणार. अशा जागी तो थांबला, जनावरावरून उतरला, त्या माणसाला बसवून स्वतः चालत गेला, आणि उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, काढून दिली. ज्यांनी वळसा घातला ते घाबरले होते. ते होते याजक आणि लेवी, म्हणजे मंदिरातले सेवक. त्यांना वचनं पाठ असणार, यात शंका नाही. मुलाला हेही कळू द्या की येशूनं या गोष्टीतला चांगला माणूस आपल्यातला घेतला नाही, ज्यांच्याशी वैर होतं त्यांच्यातला घेतला. तुमच्या गल्लीत, शाळेत, बसमध्ये ज्या हिंदू, मुसलमान, बौद्ध शेजाऱ्यांनी तुमच्यासाठी काही केलं असेल, त्यांची नावं संध्याकाळच्या प्रार्थनेत घ्या. "आपण ख्रिस्ती आहोत म्हणून आपण दयाळू" हा गर्व मुलांत फार लवकर येतो.

दुसऱ्या राजांच्या पाचव्या अध्यायात एक मुलगी आहे, तिचं नावसुद्धा दिलेलं नाही. अरामी टोळ्यांनी तिला इस्राएलातून पळवून आणलं, नामान सेनापतीच्या बायकोची ती दासी झाली. नामानाला कोड झालं, तेव्हा ही मुलगी म्हणाली, माझा धनी शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे गेला तर बरा होईल. ज्यांनी तिला घरातून ओढून नेलं त्यांच्यासाठी ती बोलली. सासूबाईंनी ही गोष्ट नातवाला सांगावी, त्यांच्या तोंडून ती चांगली वठेल. आणि बहात्तरच्या दुष्काळात त्या लहान किंवा तरुण असतील, तर तेव्हा खडी फोडायच्या कामावर, सुकडीच्या रांगेत कुणी कुणाला काय दिलं, ते सांगावं. त्यांच्या आठवणीत मऊपणा दाखवूनही निभावलेली माणसं नक्की सापडतील.

एक मात्र मुलाला स्पष्ट सांगा. दयाळू असणं म्हणजे मार खाऊन गप्प बसणं असं नाही. कुणी त्याला छळत असेल, हसत असेल, तर त्यानं ठामपणे नको म्हणावं आणि घरी येऊन सांगावं. सांगितल्यावर तुम्ही शाळेत जावं. गेल्या वेळी तो रडत आला तेव्हा कुणी शाळेत गेलं होतं की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. गेलं नसेल तर तेही त्याच्याशी बोला.

बक्षिसांबद्दल एकच गोष्ट. चांगलं वागला की चॉकलेट, दयेच्या कामांचा तक्ता, नाताळात अनाथाश्रमात केक नेऊन तिथल्या मुलांबरोबर फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं, यातलं काही करू नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नये, असं येशूनं सांगितलंय, आणि मुलांच्या बाबतीत तर ते अगदी अक्षरशः पाळावं. जिच्याबरोबर फोटो काढला त्या अनाथ मुलीलाही आपला फोटो कुठे गेला हे विचारायचा हक्क आहे.

माफी मागून झाल्यावर काही दिवसांत तो पुन्हा कुणाला तरी चिडवील. तेव्हा "एवढं सगळं सांगून काय उपयोग" असं म्हणू नका. पेत्रानं तीनदा नाकारलं तरी येशूनं त्याला पुन्हा काम दिलं, न्याहारी करून दिल्यावर. पुन्हा तेच प्रश्न विचारा, पुन्हा त्याला त्या मुलाकडे पाठवा, पुन्हा बरोबर जा.

येत्या रविवारच्या आत दोन फोन करा: एक त्या मुलीच्या आईला, एक शब्बाथशाळेच्या बाईंना. बाईंना एकत्र वचन म्हणण्याबद्दल सांगा आणि त्यांना पटलं तर पहिली चाल तुमच्या मुलाला बसवायला सांगा. त्याचा आवाज चांगला आहे, असं तुम्हीच पत्राच्या कडेला लिहिलंय.